एका लग्नाच्या दोन तारखा

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. एक कारण थीसिसचं तिसरं प्रकरण. दुसरं कारण माझी मावसबहीण. गंमत म्हणजे दोन्ही कारणं शेवटी एकच निघाली, म्हणून आजचा लेख त्यावर.

नव्या वाचकांसाठी: मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता पीएच.डी. करतेय ती नोंदवह्यांच्या इतिहासावर. जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद कोण ठेवायचं, का ठेवायचं, आणि त्या वहीतला उतारा गावाबाहेर गेला की त्याचं काय होतं, असा साधारण विषय. घरी याला ‘तुझं ते दाखल्यांचं’ म्हणतात. मार्चमध्ये मावशीचा फोन आला, ‘अगं, तुझं ते दाखल्यांचंच आहे ना, मग जरा हिच्याकडे बघ.’

तर गोष्ट अशी. बहीण युरोपात शिकायला गेली. तिथेच नोकरी करणाऱ्या एका मराठी मुलाशी तिचं जमलं. शिक्षण संपत आलं, व्हिसाही संपत आला, म्हणून दोघांनी जानेवारीत तिथल्या नगर कार्यालयात नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोन मित्र साक्षीदार, पंधरा मिनिटांचं काम. मग ती घरी आली आणि मे महिन्यात विरारला हॉल घेऊन रीतसर लग्न झालं. हळद, मंगलाष्टकं, सप्तपदी, पाचशे पानं. घरच्यांच्या दृष्टीने लग्न हेच. कुणीतरी म्हणालं, दाखला इथलाही काढून ठेवा, कामाला येतो. तोही काढला. त्या फॉर्मवर एक रकाना असतो, ‘विवाहाच्या वेळची स्थिती’. तिथे दोघांनी लिहिलं: अविवाहित.

आता तिच्या फाइलमध्ये लग्नाचे दोन दाखले आहेत, दोन देशांचे, दोन तारखांचे. व्हिसाच्या अर्जाला दोन्ही जोडले, कारण जास्त पुरावा म्हणजे चांगलंच, असं तिला वाटलं. उलटटपाली प्रश्न आला: जानेवारीत तुमचं लग्न झालं होतं, तर मे महिन्यात तुम्ही अविवाहित कशा?

प्रश्न ऐकून आधी मला हसू आलं. मग लक्षात आलं की विचारणाऱ्याचं काही चुकलेलं नाही. त्याच्या टेबलावर दोन सरकारांचे शिक्के असलेले दोन कागद आहेत आणि ते एकमेकांना खोटं पाडतायत. लग्न खरं आहे, दोन्ही समारंभ खरे आहेत, पण फाइल खोटी दिसते.

लग्नाला एकच तारीख, एकच जागा आणि ठरावीक साक्षीदार असतात, ही कल्पना आपल्याला इतकी सवयीची झालीय की ती कुणीतरी कधीतरी ठरवली असेल असं वाटतच नाही. पण ती ठरवली गेली आहे, आणि वसईशी तिचा जुना संबंध आहे.

सोळाव्या शतकापर्यंत युरोपातल्या कॅथलिक जगात दोन माणसांनी एकमेकांना ‘मी तुला वरलं’ असं म्हटलं की चर्चच्या लेखी लग्न झालेलं असायचं. धर्मगुरू हवाच असं नव्हतं, साक्षीदारही नकोत. त्यातून अर्थातच गोंधळ व्हायचे. आज एकीला वरलं, उद्या गाव बदलून दुसरीला. पहिलीने तक्रार केली तर पुरावा काय? १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने यावर ठराव केला. यापुढे लग्न धर्मगुरूसमोर आणि दोन किंवा तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत झालं तरच ते लग्न. आणि धर्मगुरूने एक वही ठेवायची. त्यात वधूवरांची नावं, साक्षीदारांची नावं, दिवस आणि जागा लिहायची.

हे चार रकाने परत वाचा आणि घरातला कुठलाही विवाहाचा दाखला काढून शेजारी ठेवा. साडेचारशे वर्षांत त्यात मूलभूत अशी फार कमी भर पडलीय.

पोर्तुगालने हा ठराव लगेच स्वीकारला आणि १५६७ च्या गोव्यातल्या प्रांतिक धर्मसभेनंतर तो इथल्या पोर्तुगीज मुलखातही रुजू लागला. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडे होती. म्हणजे लग्न वहीत लिहायचं ही रीत आपल्या देशात ज्या मोजक्या ठिकाणी सगळ्यात आधी आली, त्यांत आपला हा पट्टा. इथल्या कुपारी आणि वाडवळ ख्रिस्ती घरांत आजही कुणाची तारीख अडली की पहिली धाव चर्चच्या रजिस्टरकडे असते. आजीचा बाप्तिस्मा कधी, आईवडिलांचं लग्न कुठल्या पॅरिशमध्ये, हे तिथे सापडतं. नाव मात्र बाप्तिस्म्याचं असतं. घरात, बाजारात, रेशनकार्डावर वेगळंच नाव चालत आलेलं असतं. त्यामुळे सापडूनही अडतं ते असं.

ट्रेंटच्या ठरावातला एक बारकावा इथे सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. धर्मगुरू आणि साक्षीदार नसतील तर लग्नच नाही. पण वहीत नोंद राहून गेली, तर लग्न रद्द होत नाही. नोंद हा लग्नाचा भाग नव्हता, पुरावा होता. माझ्या थीसिसच्या गाइड हे वाक्य मला वर्षभर ऐकवतायत. बहिणीची फाइल बघेपर्यंत ते मला नीट कळलं नव्हतं, हे त्यांना सांगू नका.

आपल्याकडे बाकीच्या समाजांत अशी वही नव्हतीच. हिंदू लग्न अक्षतांनी आणि माणसांनी सिद्ध व्हायचं. पंक्तीला कोण कोण होतं, हाच दाखला. मुसलमानांत काझीचं दफ्तर असायचं, पण ते काझीच्या घरात. इंग्रजांनी १८७२ साली ख्रिस्ती विवाहांचा कायदा केला, १८८६ साली जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचा केला, पण बहुसंख्य लोकांच्या लग्नांना त्यांनी हात लावला नाही. गावात सगळे एकमेकांना ओळखतात तोवर याने काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते माणसं बोटीत बसायला लागली तेव्हा.

आता जरा दूर जाऊ या, केपटाऊनला. कोकणच्या किनाऱ्यावरून, रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बरेच कोकणी मुसलमान तिकडे गेले. तिथे दुकानं टाकली, पडेल ती कामं केली. बायकामुलं गावी. चार पैसे जमले की गावी यायचं, लग्न करायचं, परत जायचं, जमेल तेव्हा बायकोला न्यायचं. तिथे कायदेशीर रहिवासी असलेल्या माणसाच्या पत्नीला प्रवेश मिळत होता. म्हणजे प्रश्न उरला एकच: पत्नी म्हणजे कोण?

१४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती माल्कम सर्ल यांनी याचं उत्तर दिलं. हसन इसप नावाच्या माणसाची बायको बाई मरियम हिला प्रवेश नाकारला होता. सर्ल म्हणाले, ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करता येतात, त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न या देशाच्या कायद्याला लग्न म्हणून मान्य नाही. इसपला दुसरी बायको होती का, याच्याशी संबंध नव्हता. करता येते एवढं पुरे. ख्रिस्ती पद्धतीने न झालेल्या आणि तिथे नोंद नसलेल्या जवळजवळ प्रत्येक भारतीय लग्नाला हा निकाल लागू पडत होता. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळ्यांना. आदल्या रात्रीपर्यंत ज्या बायका होत्या, त्या दुसऱ्या दिवशी कायद्याच्या लेखी कुणीच नव्हत्या, आणि त्यांच्या मुलांच्या वारसाहक्काचाही प्रश्न उभा राहिला.

दक्षिण आफ्रिकेतला सत्याग्रह आपण शाळेत शिकतो तो तीन पौंडांच्या कराचा आणि परवान्यांचा. पण त्या शेवटच्या पर्वात बायका पहिल्यांदा तुरुंगात गेल्या, आणि त्यामागे हा लग्नाचा निकाल होता. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्सहून निघालेल्या पहिल्या तुकडीत कस्तुरबा होत्या. ट्रान्सवालची हद्द ओलांडली म्हणून त्यांना पकडलं आणि तीन महिने सक्तमजुरी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आले होते, आणि इकडून पैसा उभा करण्यात तेच पुढे होते. एका विवाह दाखल्याच्या प्रश्नात पुण्याच्या गोखल्यांपासून रत्नागिरीच्या एखाद्या खाडीकाठच्या गावापर्यंत सगळे असे गुंतलेले होते.

१९१४ चा इंडियन्स रिलीफ ॲक्ट आला आणि एक बायको मान्य झाली. लग्नांची नोंद करायला भारतीय धर्मगुरूंना अधिकार देण्याची सोय झाली. विजय झाला, आणि तो खराच विजय होता. फक्त त्यानंतर प्रश्नाने कूस बदलली. आता ‘तुझं लग्न हे लग्न आहे का’ असं कुणी विचारत नव्हतं. ‘ही तीच बाई कशावरून’ असं विचारत होते. पुढच्या काळात बायकामुलांना इथल्या मॅजिस्ट्रेटकडून ओळखीचा दाखला आणावा लागू लागला. बोटीवर चढायच्या आधी गावातून कचेरी, कचेरीतून बंदर. तलाठ्याने ओळखलं पाहिजे, काझीने लिहून दिलं पाहिजे, नावाचं स्पेलिंग तिकडच्या नोंदीशी जुळलं पाहिजे. आणि हे सगळं करायचं कुणी? तिकडे असलेल्या नवऱ्याने नव्हे. त्याची नोंद तिकडे आहेच. इकडे राहिलेल्या, बहुतेक वेळा लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने. माझ्या अभ्यासात ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. दोघांच्या लग्नाचा पुरावा गोळा करायचं काम नेहमी त्याच्यावर येतं जो दाराबाहेर उभा आहे.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी असल्याने पुढच्या काळाबद्दल खरं तर वेगळा लेख लिहायला हवा. थोडक्यात एवढंच, की कागदावर विश्वास उरला नाही तेव्हा सरकारांनी शरीराकडे मोर्चा वळवला. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर तिथे राहणाऱ्या वाग्दत्त वराशी लग्न करायला गेलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी केली गेली. बातमी फुटल्यावर ब्रिटनला ती पद्धत थांबवावी लागली. १९८४ मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएचे ठसे शोधले, आणि त्या शोधाचा अगदी पहिला प्रत्यक्ष उपयोग १९८५ साली झाला तो गुन्ह्याच्या तपासात नव्हे. घानाहून परत आलेला एक मुलगा त्याच्या आईचाच आहे, हे ब्रिटिश इमिग्रेशन खात्याला पटवण्यासाठी तो झाला. मूल आईबापाचं आहे हे रक्त सांगू शकतं. नवरा-बायकोचं मात्र रक्त जुळत नाही (आणि जुळलं तर तो वेगळाच प्रश्न!). लग्न हे असं एकच नातं आहे ज्याला प्रयोगशाळेत पुरावा नाही. त्यामुळे तिथे कागद सुटत नाही.

मग परक्या देशाचा कागद खरा कसा मानायचा? यावर १९६१ च्या हेग करारातून अपॉस्टिल निघालं. एका देशाने ठरलेल्या नमुन्याचा शिक्का मारला की करारातल्या दुसऱ्या देशाने वकिलातीचा आणखी शिक्का मागायचा नाही. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. आपल्याकडच्या दाखल्यावर साधारणपणे आधी राज्य सरकारची साक्षांकनाची मोहोर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल स्टिकर लागतं. पण दोन गोष्टी एजंट सांगत नाहीत. पहिली, अपॉस्टिल फक्त सही आणि शिक्का खरा आहे एवढंच म्हणतं. आतला मजकूर खरा आहे असं ते म्हणत नाही. दुसरी, एखाद्या देशाने नव्या सदस्याबद्दल आक्षेप घेतला तर त्या दोघांपुरता करार चालत नाही. भारत आला तेव्हा जर्मनीने असा आक्षेप घेतला. परिणामी जर्मन वकिलाती अनेक वर्षं भारतीय दाखल्यांची प्रत्यक्ष जागेवर माणूस पाठवून पडताळणी करून घेत आल्या. म्हणजे फिरून १९१४ नंतरचा मॅजिस्ट्रेटच, फक्त फी युरोत.

आता परत विरारला येऊ. बहिणीची फाइल मी जमिनीवर पसरली तेव्हा लग्नाच्या दोन तारखा हा फक्त वरचा थर होता. खाली जन्माचा दाखला होता. जन्म १९९८ चा. नोंद आहे, वेळेत झालेली आहे, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा. हे फार घरांत सापडेल. हॉस्पिटलातून नोंद गेली, बारसं नंतर झालं, आणि नाव लावायचं राहून गेलं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात यासाठी कलम १४ आहे. बारा महिन्यांपर्यंत नाव फुकट लागतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून, आणि त्यानंतर सरकारने वेळोवेळी मुदतवाढी दिल्या आहेत. मावशी म्हणाली, ‘शाळेच्या दाखल्यावर आहे ना नाव, मग झालं.’ इथे झालं, तिथे नाही.

शिवाय जागा. ती जन्मली तेव्हा गाव ग्रामपंचायतीत, तालुका वसई, जिल्हा ठाणे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि गाव तिच्यात गेलं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. म्हणून तिच्या जुन्या कागदांवर ठाणे, नव्यांवर पालघर, आणि परदेशातल्या माणसाला नकाशावर ही दोन गावं वेगळी वाटतात. (ख्रिस्ती मैत्रिणींची यात आणखी भर, कारण १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला. चर्चच्या जुन्या-नव्या उताऱ्यांवर धर्मप्रांताची नावंही दोन.) बाईने घर बदललं नाही, गाव सोडलं नाही. तिच्या पायाखालची कचेरी तेवढी तीनदा बदलली.

पण हे सुटण्यासारखं आहे. जिल्हा विभाजनाची सरकारी अधिसूचना आहे, ती जोडली. नाव लावून नवा उतारा घेतला. त्यासाठी किती खेपा झाल्या ते लिहीत नाही, प्रत्येक वाचकाला आपापल्या खेपा आठवतील.

खरी गाठ दोन तारखांचीच. आणि इथे आपला कायदा वाटतो तितका सरळ नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७ म्हणतं की सप्तपदीची रीत असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण. कलम ८ मध्ये नोंदणी आहे, पण नोंद केली नाही म्हणून लग्न अवैध होत नाही. ट्रेंटच्या वहीसारखंच. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची दुसरी बाजूही स्पष्ट केली. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलेल्या एका जोडप्याचं लग्न हिंदू विवाह म्हणून झालेलंच नाही, असं ठरवलं. त्या निकालात न्यायालयाने परदेशाच्या व्हिसासाठी आधी कागद करून घ्यायच्या आणि विधी नंतरवर ढकलायच्या पद्धतीबद्दल मुद्दाम नापसंती नोंदवली आहे.

हा निकाल वाचून बहीण घाबरली. म्हणजे आपलं जानेवारीचं लग्न लग्नच नव्हतं की काय? नाही, तिचा प्रश्न वेगळा आहे. तिने दुसऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे, तिथल्या अधिकाऱ्यासमोर लग्न केलं होतं. त्यासाठी आपल्याकडे १९६९ चा परदेशी विवाह कायदा आहे. भारतीय वकिलातीतला विवाह अधिकारी लग्न लावू शकतो. शिवाय कलम १७ खाली त्या देशाच्या कायद्याने आधीच झालेल्या लग्नाची नोंद वकिलातीत करून घेता येते. ती जानेवारीत झाली असती, तर मे महिन्याच्या फॉर्मवर ‘अविवाहित’ लिहिण्याची वेळच आली नसती. हे कलम तिला कुणी सांगितलं नाही. मला माहीत होतं. मी मे महिन्यात मंगलाष्टकं म्हणायला उभी होते आणि मला विचारायचं सुचलं नाही. दाखल्यांवर पीएच.डी. करणारी ताई.

तेव्हा तुमच्या घरात कुणी बाहेर लग्न करत असेल तर माझ्यासारखं गप्प बसू नका. एक तारीख कायद्याची म्हणून ठरवा आणि प्रत्येक फॉर्मवर तीच लिहा. दुसरा समारंभ जरूर करा, पाचशे पानं वाढा, पण त्याचा वेगळा विवाह दाखला काढण्याआधी दहा वेळा विचार करा. बाहेरच्या दाखल्यावर त्याच देशाचं अपॉस्टिल तिथे असतानाच घ्या. इथे आल्यावर ते मिळवणं म्हणजे वरातीनंतर घोडा शोधणं. आणि आईवडिलांच्या कपाटातला आपला जन्मदाखला आजच काढून नावाचा रकाना बघा.

बहिणीने आता वकिलाच्या सल्ल्याने प्रतिज्ञापत्र केलंय, की मे महिन्याचा समारंभ हा त्याच लग्नाचा धार्मिक विधी होता आणि ‘अविवाहित’ ही नोंद गैरसमजातून झाली. इथला दाखला रद्द करून घेण्यासाठी अर्ज दिलाय. त्याला वेळ लागेल असं सांगितलंय. नवरा तिकडे, ती इकडे, लग्नाला पहिलं वर्ष झालं. जानेवारीत त्याने तिकडून केक पाठवला. आता मे जवळ आलाय आणि मावशी विचारतेय, या वर्षी पुरणपोळ्या करायच्या की वकील नको म्हणेल?

पुढच्या लेखासाठी एक विनंती. तुमच्या घरी १९७० च्या आधीचा लग्नाचा कुठलाही कागद असेल, पत्रिका, काझीचा उतारा, चर्चची पावती, देण्याघेण्याची यादी, तर तो टाकू नका. नावं झाकून फोटो पाठवलात तर मला फार उपयोग होईल. लग्नाची तारीख त्यात कशी लिहिलीय, तिथीने, वाराने की इंग्रजी कॅलेंडरने, ते मी सध्या गोळा करतेय.